लेखकाशी आपलं नातं

१ सप्टेंबर, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतोय आणि मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी. कोणाला दाखवायला नाही.

काम असं: एका अमेरिकन कादंबरीकाराच्या आयुष्यातल्या खऱ्या माणसांवर मराठीतली पहिली वेबसाइट. नऊ कादंबऱ्या, सगळ्या एकाच नदीकाठच्या गावातल्या, आणि जाणकार म्हणतात की त्यातलं एकही माणूस मनचं नाही. पोस्टमन खरा, न्हावी खरा, लंगडा घड्याळजी खरा. इंग्रजीत यांच्यावर ढिगानं पानं आहेत. फोटो, पत्रं, थडग्यांचे नकाशेसुद्धा. मराठीत शून्य. ही पोकळी भरायला कोणीतरी हवं होतं. मिळाला.

कादंबरीकाराचं नाव इथं लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर विषय पळवतील. साइटवरही नाव फक्त वरच्या पट्टीत, बारीक इंग्रजीत. पुढं सगळीकडे नुसतं 'लेखक'. भारदस्त वाटतं.

३० तारखेला साइट पूर्ण. रोज सकाळी दोन तास, साडेपाच ते साडेसात. आज उठायला साडेसहा झाले, पण पहिला दिवस धरायचा नसतो.

२ सप्टेंबर

सात वाजता उठलो. संकल्पाच्या उत्साहात झोप लागली नव्हती.

३ सप्टेंबर, प्रेसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो. लोक तो न वाचता फेकतात. छापण्याआधी तो मी वाचतो. अठरा वर्षं झाली. मुंगीएवढी अक्षरं. 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं तर माणूस आडवा होईल, पण माझ्या टेबलावरून आजवर एक चूक बाहेर गेलेली नाही. मला चूक शोधावी लागत नाही, ती आपण होऊन दिसते. संशोधनाला लागतो तो हाच गुण.

मशीनमनला हे सगळं समजावलं. त्यानं विचारलं की त्या अमेरिकन माणसाचे आपल्यावर काय उपकार आहेत. असल्या माणसाशी काय बोलणार.

आत्याचा फोन येऊन गेला. प्रूफ हातात होतं, उचलला नाही. संध्याकाळी करीन.

५ सप्टेंबर

साइटचा सांगाडा उभा राहिला. मुलीनं तयार टेम्प्लेट लावून दिलं. (कॉलेजात आहे. मदत करते, पण चेहरा असा की वडील नव्हे, शेजारी मागतोय.) वर डाव्या कोपऱ्यात माझा फोटो, निळ्या शर्टातला. त्याखाली टेम्प्लेटनंच ठळक अक्षरांत 'लेखक' असं छापलं. मुलगी म्हणाली, काढू या, घोळ होईल. मी म्हटलं राहू दे. साइट मी लिहितोय, म्हणजे साइटचा लेखक मीच. यात घोळ होण्यासारखं काय आहे.

आत्याला फोन करायचा राहिला.

७ सप्टेंबर

मोठी अडचण. सगळी इंग्रजी पानं सांगतात की आई आजारी असताना लेखक दोन वर्षं 'आन्ट'कडे राहिला. कोणत्या आन्टकडे? इंग्रजी लोकांचा आळस बघा. काकू, मामी, मावशी, आत्या, चौघींना मिळून एक शब्द. त्यांचं भागतं. मराठी वाचकाचं भागणार नाही. मावशी असेल तर लाड झाले. आत्या असेल तर शिस्त लागली. काकू असेल तर घरात कुरबूर होती, आणि मामी असेल तर मग लेखक आयुष्यभर एवढा गप्प का होता तेच उलगडतं. अख्खी चौथी कादंबरी या एका शब्दावर उभी आहे.

हिचं मत विचारलं. हिचं म्हणणं, 'आन्ट' लिहून मोकळं व्हावं, आणि स्वतःच्या आन्टला एक फोन करावा. आत्यानं घरच्या नंबरवर दोनदा केला होता.

या विषयावरचं सर्वांत मोठं पान तिकडे एक निवृत्त लायब्ररीवाल्या बाई चालवतात. त्यांना ईमेल पाठवलं. प्रश्न एकच, पण पार्श्वभूमी सांगता सांगता चार पानं झाली.

८ सप्टेंबर

आत्याशी बोललो. म्हणजे तिचाच फोन आला आणि हिनं तो माझ्या कानाला लावला.

आत्या एक्याऐंशीची. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. बावीस तारीख, सकाळी दहा. साधं असतं, पंधरा मिनिटांचं, पण ती घाबरलीय. मीच बरोबर हवा म्हणते, दुसरं कोणी नको. मी येतो म्हणालो. शुक्रवारी घरी येऊन सगळं नीट बोलू असंही म्हणालो. माणसानं नात्याला वेळ दिलाच पाहिजे. वहीत लाल शाईनं लिहिलं: २२, आत्या, डोळा.

९ सप्टेंबर

उत्तम कल्पना सुचली. वाचकांनाच विचारायचं. साइटवर फॉर्म टाकला. वर प्रश्न: 'आईच्या आजारपणात लेखकाला दोन वर्षं कोणी सांभाळलं? काकू, मामी, मावशी की आत्या? ठामपणे माहीत असणाऱ्यांनीच लिहावं.' खाली तीन रकाने. नाव (ऐच्छिक). लेखकाशी आपलं नातं. माहिती. नातं हा रकाना यासाठी की लेखकाचे वंशज तिकडे अजून आहेत, आणि जग लहान झालंय.

फॉर्म भरणाऱ्याच्या स्क्रीनवर आपोआप उत्तर उमटेल अशी सोय आहे. त्या उत्तरावर सकाळचे दोन्ही तास गेले, पण जमलं: 'आपले मनःपूर्वक आभार. आपल्यासारख्या माणसांमुळेच लेखक घडला. तो आपला कायमचा ऋणी आहे.' वाचून मलाच भरून आलं.

११ सप्टेंबर

साइटला एकूण भेटी: ५. त्यातल्या चार माझ्या. पाचवी कोणाची? मुलगी म्हणते तीही माझीच, प्रेसच्या कॉम्प्युटरवरून.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आत्याकडे जायचं राहिलं. लंगड्या घड्याळजीचा कोणता पाय लंगडा यावर दोन पानांत मतभेद निघाले, ते सोडून उठणं अशक्य होतं. मुलगी जाऊन आली. स्वतःचा जुना टॅबलेट आत्याला देऊन, चालवायला शिकवून आली. त्याच्याशी बोललं की आपोआप टाइप होतं, पानावरचं तो वाचूनही दाखवतो, अक्षरं दिसायची गरज नाही. चांगलं केलं. तरुण पिढीनं म्हाताऱ्यांकडे बघायला हवं.

१३ सप्टेंबर, सकाळी ८.०५

फॉर्म आला. पहिला. जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

नाव: रिकामं. लेखकाशी आपलं नातं: आत्या. माहिती: 'कसली मावशी आणि कसली मामी मी सांभाळलं दोन वर्ष मी आत्या आणि हे लोकांना विचारावं लागतं याचं मला नवल वाटतं.'

आत्या! शंभर वर्षांचा प्रश्न सुटला, तोही मराठीत.

सकाळी ८.४०

शांतपणे विचार केला. लेखकाला जाऊन साठ वर्षं झाली. आत्या हयात असेल तर तिचं वय एकशे चाळीसच्या पुढं. तेव्हा आत्या स्वतः लिहीत नाहीये. तिची रोजनिशी कोणा वंशजाकडे आहे आणि तो ती यंत्राकडून मराठीत करून मला थोडी थोडी पाठवतोय. विरामचिन्हं नाहीत यावरून यंत्र ओळखू येतं. नाव लपवलंय यावरून घरात वाद आहेत तेही कळतं.

प्रेसला सुट्टी टाकली.

१४ सप्टेंबर

आणखी एक उतारा. 'सायकलवरून पडला तेव्हा हनुवटीला पाच टाके पडले डॉक्टर म्हणाले बाईंनी बाहेर थांबा मी थांबले नाही टाके होईपर्यंत मी त्याचा हात धरून होते आणि तो माझा.'

ही हनुवटी कुठल्याही इंग्रजी पानावर नाही. लेखकाच्या सगळ्या फोटोंत दाढी आहे, ती का, ते आज कळलं. नवं पान टाकलं: 'दाढीमागचं सत्य'. योगायोगानं मलाही हनुवटीवर खूण आहे. लेखकाशी आपलं काहीतरी आतून जुळतं असं मी नेहमी म्हणत आलो ते उगाच नाही.

आत्याचे दोन मिस्ड कॉल.

१६ सप्टेंबर, सकाळी ७.३०

आजचा उतारा: 'दोन वर्षांत रडला नाही पण रोज संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा मी म्हणायचे आत चल तर म्हणायचा आई येते का ते बघत नाहीये मी ट्रक मोजतोय.'

ट्रक ही यंत्राची चूक. त्या काळी घोडागाड्या होत्या. दुरुस्त करून टाकलं: 'मी घोडागाड्या मोजतोय.' पण वाक्य फार लागलं. बराच वेळ पुढचं काम सुचेना. मीही लहानपणी आत्याच्या फाटकाशी उभा राहून ट्रक मोजायचो, म्हणून मला लागलं. दुसऱ्या संशोधकाला ही नजर कुठून येणार.

हिला वाचून दाखवायला गेलो. ही भांडी आवरत होती. म्हणाली, आत्याला फोन केला का.

१७ सप्टेंबर

लायब्ररीवाल्या बाईंचं उत्तर आलं. चार ओळी. म्हणतात की लेखकाच्या आई-वडिलांना एकही बहीण नव्हती. 'आन्ट' ही शेजारची बाई, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. नातं काही नाही. कुठंतरी आत दुखलं असावं त्यांना. इतकी वर्षं पान चालवायचं आणि शोध दुसऱ्यानं लावायचा. मी फक्त 'पुरावे माझ्याकडे आहेत' एवढंच कळवलं.

१८ सप्टेंबर

बॉम्बगोळा. 'बावीस तारखेला मोती बिंदू काढणार भीती वाटते लेखकानं जवळ असावं एवढीच इच्छा आहे बाकी काही नको.'

मोती! तिसऱ्या कादंबरीत नदीत हरवलेला मोत्याचा दागिना आहे, त्यावर विद्वानांनी प्रबंध लिहिलेत. म्हणजे मोती हरवलेच नव्हते. कुटुंबाकडे होते, आणि या बावीसला ते बाहेर काढतायत. 'बिंदू'वर दहा मिनिटं अडलो. मग उलगडलं: बिंदू म्हणजे डॉट. यंत्रानं पूर्णविरामाचंही भाषांतर करून ठेवलंय. 'बिंदू' गाळून उतारा साइटवर टाकला.

आणि 'लेखकानं जवळ असावं'. लेखक तर नाही. मग त्याच्या वतीनं जवळ कोण असणार? जगात हे फक्त मला कळवलं गेलंय.

१९ सप्टेंबर, प्रेसमध्ये

कामात लक्ष नाही, तरी चूक सुटली नाही. डोळ्यात घालायच्या थेंबांचा कागद होता. 'मोती बिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर' असं दोन शब्दांत जुळवलं होतं. मधली जागा बंद करण्याची खूण केली: मोतीबिंदू. एवढं साधं कळत नाही जुळवणाऱ्यांना. बिनडोक नुसते.

२० सप्टेंबर

दुर्दैवी योगायोग. बावीसला मोती, आणि बावीसलाच आत्याचा डोळा. दोन्हीकडे मी असू शकत नाही. आत्याचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं, रोज शेकडो होतात. मोती शंभर वर्षांत एकदा.

हिला सांगितलं की आत्याला तू ने. हिनं तेवढ्यात कॅलेंडरवर खूण केली. भांडली असती तर मी चार मुद्दे तयार ठेवले होते.

२१ सप्टेंबर

उतारा: 'लेखक येणार नाही असं कळलं कामात असेल त्याच्यामागं व्याप फार त्याला म्हणावं माझी काळजी करू नको वेळेवर जेव.'

यंत्राचं भाषांतर, तरी कसं घरगुती. 'लेखक येणार नाही' म्हणजे मृत्यूचा स्वीकार. यावर स्वतंत्र लेख करीन.

२२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

ही आत्याला घेऊन गेली. मुलगी कॉलेजला. घर शांत. अंघोळ करून निळा शर्ट घातला, फोटोतला. कॉम्प्युटर चालू. मोत्यांचा फोटो आला तर लगेच टाकता यावा म्हणून पान तयार ठेवलंय.

९.५५. काही नाही.

१०.१०. काही नाही. चहा.

१०.२१

आला. 'आत नेतायत आता टॅबलेट घेऊन जाऊ देत नाहीत मोती बिंदू निघाला की म्हणे सगळं लख्ख दिसतं टाके घालताना मी त्याचा हात सोडला नव्हता आता माझा कोण धरणार बाहेर ट्रकचा आवाज येतोय मी मोजतेय पाच झाले.'

१०.२४

प्रुफाची सवय. मोती आणि बिंदू यांच्या मधली जागा दिसली. हाताशी पेन होतं, स्क्रीनवरच जागा बंद करायची खूण केली.

मग हनुवटीला हात लावला.

१०.२६

निघतो.

२२ सप्टेंबर, संध्याकाळी

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बस सिग्नलला थांबली तेव्हा उतरून पळालो. ती पुढं निघून गेली आणि पुढच्या थांब्यावर माझी वाट बघत उभी असल्यासारखी उभी होती. तिच्यातच परत चढलो. कंडक्टरनं परत तिकीट घ्यायला लावलं.

आत्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं. ही शेजारी. हिनं मला बघितलं आणि उठून जागा दिली. आत्याला दुसऱ्या डोळ्यानं धड दिसत नाही, तरी पावलांवरून ओळखलं. लहानपणापासून मी टाचा घासत चालतो म्हणे. सगळं छान झालं म्हणाली. आत एका नर्सनं हात धरला, चांगली होती, पण हात फार गार. मग हात पुढं करून तिनं माझी हनुवटी चाचपली आणि म्हणाली, दाढी वाढलीय.

मला सांगायचं होतं की मी चुकलो. मी एवढंच म्हटलं की बसला उशीर झाला.

२४ सप्टेंबर

साइटवरून अकरा पानं काढली. 'दाढीमागचं सत्य' काढलं. घोडागाड्या काढल्या. लायब्ररीवाल्या बाईंना कळवलं की पुराव्यांची फेरतपासणी चालू आहे. उरलं काय: पोस्टमन, न्हावी आणि घड्याळजीचा एक पाय.

मुलीनं भेटींचा हिशेब काढून दिला. एकूण ७४. माझ्या ५२. लायब्ररीवाल्या बाई १. उरलेल्या २१ आत्याच्या टॅबलेटवरून. मी मुलीवर चिडलो, सांगायचं नाही का. ती म्हणाली, तिनं आत्याला सांगितलं होतं की बाबा फोन उचलत नाहीत, पण साइट दर दहा मिनिटांनी बघतात, तिकडे बोल. आणि मी उतारे वाचून दाखवायचो तेव्हा तिला वाटायचं की बाबा गंमत करतायत. इतकं कोणाला कळणार नाही असं तिला वाटलंच नाही.

२७ सप्टेंबर, सकाळी

आत्याकडे गेलो. कबूल केल्याप्रमाणे. (काल कबूल केलं होतं.) फडकं निघालंय. चष्म्याशिवाय तिनं भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, मग टॅबलेट काढून साइट वाचली. मला एकोणीस चुका काढून दिल्या. त्यातल्या तीन मथळ्यांत. सर्वांत वाईट, तिच्या म्हणण्याप्रमाणे, आता काढलेल्या पानावरची, टॅबलेटनं तिला तेव्हाच वाचून दाखवलेली: मी तिचा बिंदू खाल्ला.

मग तिनं टॅबलेटवर एक जागा उघडून दाखवली. फॉर्मची आलेली सगळी उत्तरं तिनं जपून ठेवलीत. एकवीस. 'आपल्यासारख्या माणसांमुळेच लेखक घडला. तो आपला कायमचा ऋणी आहे.' शेजारणीलाही वाचून दाखवलीत. म्हणाली, फोन उचलायला वेळ नसतो पण पोरगा दर वेळी लगेच उत्तर देतो, आणि किती गोड लिहितो. एकच वाक्य परत परत लिहितो, पण मनातलं असलं की तसंच होतं.

तिनं विचारलं की हे तूच लिहितोस ना. मी म्हटलं, हो, मीच लिहिलंय.

खोटं नाही. नऊ तारखेची नोंद आहे.

२९ सप्टेंबर

नवे संकल्प. एक: फोटोखालचं 'लेखक' काढून 'भाचा' लिहिलं. दोन: फॉर्म बंद. तीन: आत्याचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात एकोणीस आहे. लाल शाईनं लिहिलीय, आणि हिनंही स्वतःच्या हातानं खाली परत लिहिलीय, मोठ्या अक्षरांत.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

साइट पूर्ण करायचा दिवस. झाली नाही.

आत्याचा फोन आला. पहिल्या रिंगला उचलला. ती थोडी गडबडली, उचलीन असं तिला वाटलं नव्हतं. पाच-सहा मिनिटं बोललो. मी म्हटलं हं, बरं, औषध घातलं का, बरं. मग तिनं विचारलं की फॉर्म का बंद झालाय. मी म्हटलं, आता मी आहे ना फोनवर. ती म्हणाली की ते ठीक आहे, पण फोनवर तू तेवढं चांगलं बोलत नाहीस.

फॉर्म परत चालू केला.